"बीपी वाढलंय, पुढच्या मंगळवारी या"



जालना जिल्ह्यात बायकांच्या आरोग्याचं काम करताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की हल्ली ते कानावर पडलं की माझंच बीपी वाढतं. "बीपी वाढलंय, आज बायोप्सी होणार नाही, पुढच्या मंगळवारी या." स्तनात गाठ घेऊन आलेली बाई हे ऐकते, मान डोलावते, पिशवी उचलते आणि स्टँडकडे चालू लागते. बरोबर आलेली जाऊ किंवा लेक दबक्या आवाजात विचारते, "म्हंजी जास्तीचं काही नाही ना?" तिला उत्तर द्यायला कुणी थांबत नाही. पुढचा मंगळवार कापूस वेचणीचा असतो, त्याच्या पुढच्या मंगळवारी घरात पाहुणे असतात, तिसऱ्या मंगळवारी डॉक्टर रजेवर असतात. गाठ मात्र वाढायची थांबत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वाढलेला रक्तदाब हे त्या दिवशी बाईच्या रक्तदाबाकडे लक्ष देण्याचं कारण आहे, तिला गाठीसकट घरी पाठवण्याचं नाही. ज्या थोड्या बायांच्या बाबतीत खरोखरच थांबावं लागतं, तिथे थांबण्याची जबाबदारी दवाखान्याने उचलली पाहिजे. आज ती सगळी बाईच्या पदरात टाकली जाते. आणि हे इतक्या सभ्य, शास्त्रीय भाषेत होतं की आपण कार्यकर्त्याही गप्प बसतो. डॉक्टर रक्तस्रावाचं नाव घेतात, मग आपण काय बोलणार?

तर बोलण्यासाठी आधी थोडं समजून घेऊ या. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तो तपासणं. आज याची रूढ पद्धत म्हणजे जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सी. त्या जागी इंजेक्शनने बधिरता आणतात, सुई आत घालून शेवयांसारखे बारीक तुकडे काढतात, मग जागा दाबून धरतात. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, दवाखान्यात राहावं लागत नाही. या पद्धतीत उपचार करावे लागतील इतका गंभीर त्रास, मग तो रक्तस्राव असो की पू होणं असो, शंभरात एकीलाही होत नाही. काळं-निळं होणं मात्र नेहमीचं आहे आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. सुरीने कापून गाठ काढण्याच्या जुन्या पद्धतीत हा धोका जास्त, शंभरात दोनपासून दहापर्यंत. म्हणजे रक्तस्रावाची एवढी काळजी असेल तर पहिला प्रश्न असा विचारायला हवा, की तुमच्याकडे जाड सुई आहे का? बीपीचा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

रक्तस्राव कुणाला जास्त होऊ शकतो? हृदयात स्टेंट बसवल्यामुळे किंवा झडपेच्या दुखण्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या बाईला. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार असलेलीला. रक्तातल्या प्लेटलेट कमी असलेलीला. रक्त न गोठण्याचा आजार घरात चालत आलेलीला. खूप चढलेलं बीपीसुद्धा यात येतं, कारण दाब जास्त असला की फुटलेली बारीक रक्तवाहिनी बंद व्हायला वेळ लागतो, आत रक्त साकळून सूज येऊ शकते. हे मी नाकारत नाही. पण "खूप" म्हणजे किती? ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि उच्च रक्तदाबाच्या संघटनांनी २०१६ साली एकत्र बसून ठरवलेली मर्यादा पाहा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीत वरचा आकडा १८० च्या आणि खालचा ११० च्या आत असेल, तर केवळ रक्तदाबासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये असं त्या म्हणतात. ही मर्यादा भूल देऊन करायच्या शस्त्रक्रियांची आहे. इथे तर प्रश्न बधिर करून घातलेल्या एका सुईचा आहे, वरून हाताने दाबता येईल अशा जागी. आणि आपल्याकडे १६० वर परत पाठवलेल्या बाया मी स्वतः स्टँडवर सोडून आले आहे.

आता ते १६० कुठून येतात तेही पाहू. परतूर किंवा मंठा तालुक्यातल्या खेड्यातून निघालेली बाई पहाटे उठते, घरातल्यांचा स्वयंपाक उरकते आणि पहिली एस.टी. पकडते. उपाशी या म्हणून सांगितलेलं असतं (सुईच्या बायोप्सीला उपाशी राहायची बहुधा गरजच नसते, पण सरसकट सगळ्यांना तेच सांगायची पद्धत पडली आहे). उपाशी म्हणजे चहा नाही, पाणी नाही आणि बीपीची गोळीही नाही, कारण गोळी दोन घोट पाण्याबरोबर घेता येते हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही, म्हणून ती लघवी दाबून धरते. जिना चढून येते, रांगेत उभी राहते. बाकावर बसते न बसते तोच दंडाला पट्टा आवळला जातो, पोलक्याची घट्ट बाही वर सरकवून, वर प्रश्न चालूच: नाव काय, वय काय, मुलं किती? रक्तदाब मोजण्याचं शास्त्र सांगतं की पाच मिनिटं शांत बसू द्यावं, पाठीला टेका असावा, पाय जमिनीला टेकलेले असावेत, लघवी झालेली असावी, बोलू नये, दंड मोकळा असावा, आणि थोड्या अंतराने निदान दोनदा मोजावं. यातली एकही अट पाळली जात नाही, आणि जो आकडा येतो तो बाईच्या नावावर लिहिला जातो. शिवाय गाठीची भीती. पांढरा कोट पाहून दाब चढतो हे वैद्यकाच्या पुस्तकातच लिहिलं आहे, ते खेड्यातल्या बाईला लागू नाही का?

गेल्या हंगामातली गोष्ट. घनसावंगी तालुक्यातली शेतमजूर बाई, वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ. दवाखान्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण नाव घेतलं की प्रश्न त्या एका दवाखान्याचा होतो आणि बाकीचे सुटतात. पहिल्या मंगळवारी बीपी १७२-१०४. परत पाठवली, गोळी दिली नाही. मधले तीन आठवडे मजुरी. दुसऱ्या वेळी १६८-१००. या वेळी गोळ्या मिळाल्या, सात दिवसांच्या. आठव्या दिवसापासून काय करायचं ते सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी त्या संपलेल्या होत्या आणि ती उपाशी आलेली होती, १७६-१०२. पुन्हा परत. म्हणाली, "ताई, आता नको. गाठ दुखत बी नाही. बीपी उतरल्यावर जाऊ." चौथ्या खेपेला मी तिच्याबरोबर होते. पहिला आकडा पुन्हा १७० च्या वर. तिथल्या एका सिस्टरनेच सुचवलं, मावशींना बाथरूमला जाऊन येऊ द्या, अर्धा तास बसू द्या. अर्ध्या तासाने १५८-९४. बायोप्सीला पंधरा मिनिटं लागली. रक्त म्हणाल तर गॉजचे दोन तुकडे भिजले. दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी लावली, झालं.

पहिल्या मंगळवारपासून या सुईपर्यंत अकरा आठवडे गेले होते. सुपारीची गाठ लिंबाएवढी झाली होती. रिपोर्ट कॅन्सरचा आला, काखेतही गाठी होत्या. त्या अकरा आठवडे आधीही होत्या का? कुणीच सांगू शकत नाही. पहिल्या केसपेपरवर बीपीचा आकडा ठळक लिहिला आहे, काखेबद्दल एक शब्द नाही. म्हणजे काख तपासली असेल तर त्याचा पुरावा नाही.

उशिराची किंमत काय असते हे नव्याने शोधायला नको. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. लक्षण दिसल्यापासून उपचारापर्यंत तीन महिने किंवा जास्त उशीर झालेल्या बायांमध्ये पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण, वेळेत उपचार मिळालेल्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना आता म्हणते, की बाई दवाखान्यात आल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान पुरं झालं पाहिजे. आपल्या बाईचे अकरा आठवडे म्हणजे सत्त्याहत्तर दिवस नुसत्या बीपीत गेले. २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्याउलट जाड सुईच्या बायोप्सीतून रक्त जाऊन मेलेली बाई मला तरी माझ्या कामात भेटलेली नाही. मग भीती नेमकी कशाची बाळगायची?

डॉक्टरांची बाजू मी ऐकली आहे. एकजण मला म्हणाले, "मॅडम, रक्त थांबलं नाही तर नातेवाईक आमची काच फोडतील, तुम्ही येणार आहात का?" काच फोडणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण यातून एवढंच कळतं की पुढे ढकलण्याचा निर्णय नेहमीच बाईच्या रक्ताकडे पाहून होतो असं नाही, काचेकडे पाहूनही होतो. सुई घातल्यावर रक्त आलं तर डॉक्टरांना जाब विचारला जाईल. सुई न घातल्यामुळे बाई वर्षाने गेली तर कुणालाच जाब विचारला जाणार नाही, उलट म्हणतील, बाईच उशिरा आली. हा हिशोब सरळ आहे, आणि तो बाईच्या जिवावर मांडलेला आहे.

याच मराठवाड्यात दुसरा एक हिशोबही आपण पाहिला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं. चौकशी समितीपुढे तेरा हजारांहून अधिक बायांचा आकडा आला. गर्भपिशवी काढणं ही पोट उघडून करायची मोठी शस्त्रक्रिया आहे, रक्तस्रावाचा धोका तिथे कितीतरी मोठा. अंगावर पांढरं जातं म्हणून आलेल्या बाईला खाजगी दवाखान्यात त्याच आठवड्यात टेबलावर घेतलं जातं, आणि छातीतल्या गाठीला सुई लावायला मात्र बीपी आडवं येतं! जिथे बिल होतं तिथे बीपी उतरतं, असं आमच्या गटातली एक बाई म्हणाली. मी त्यावर काही बोलू शकले नाही.

दुसरं टोकही आहे. काही ठिकाणी घाईने गाठ कापून काढतात, तुकडा तपासायला पाठवतच नाहीत. काढलेली गाठ बरणीत घालून घरी दिलेली मी पाहिली आहे, फळीवर ठेवलेली. "डॉक्टर म्हनले साधी गाठ आहे, काढून टाकली." साधी हे त्यांनी कशावरून ठरवलं? बीपी उतरवायला जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून टाकण्याची खोडही अजून गेलेली नाही. दाब असा झटक्यात पाडला तर मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती पद्धत कधीच चुकीची ठरली आहे. बीपीवर इलाज म्हणजे रोजची गोळी, नियमाने, वर्षानुवर्षं. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी स्वस्त आहे आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी. केंद्रात ती संपलेली असेल तर त्याचा जाब आरोग्य केंद्राला विचारायचा, बाईने निष्काळजीपणा केला म्हणायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के बायांचा रक्तदाब वाढलेला किंवा गोळीवर असलेला आढळला. म्हणजे बायोप्सीच्या रांगेत बीपीवाली बाई असणार हे आधीच ठाऊक आहे. मग ती आल्यावर दर वेळी नवल वाटल्यासारखं का करता?

आता थोडं आपल्याकडे वळते, आणि काही मैत्रिणींना ते आवडणार नाही. ३ जानेवारी आणि ८ मार्चला आपण आरोग्य शिबिरं घेतो. फ्लेक्स लागतो, बायांचं बीपी मोजतो, शुगर मोजतो, कधी स्तनांची तपासणीही होते. वर्तमानपत्रात फोटो येतो, "२०० महिलांनी लाभ घेतला". ज्यांचं बीपी वाढलेलं निघालं त्यांचं पुढे काय झालं? जिच्या छातीत गाठ लागली तिला कुणी बरोबर नेलं? शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या बायांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी ठरलेली आहे. तरी त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी स्तनाची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात एकही भरल्या नाहीत. आशाताई फॉर्म भरते, फॉर्म वर जातो, बाई खालीच राहते. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून अधिक बायांवर केलेल्या अभ्यासात शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पण हे केव्हा? सापडलेल्या गाठीचं निदान आणि उपचार पुढे झाले तेव्हा. नुसता हात लावून सोडून दिलं तर ती शिबिराची करमणूक.

आपल्या चळवळीने सुईवर संशय घ्यायला शिकवलं. लांबणीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनांच्या विरोधात आपल्या आधीच्या पिढीने रस्त्यावर येऊन भांडण केलं आणि ते योग्यच होतं. पण बायोप्सीची सुई वेगळी आहे. ती बायकांनी भांडून मिळवली आहे. अमेरिकेत एके काळी बाईला गाठीसाठी भूल द्यायचे, ती झोपेत असतानाच तुकडा तपासायचे आणि कॅन्सर निघाला तर तिथेच सगळा स्तन काढून टाकायचे. जाग आल्यावर बाईला कळायचं. १९७४ साली स्वतःच्या स्तनात गाठ सापडलेल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईने हे मान्य केलं नाही. आधी बायोप्सी, मग निदान बाईच्या हातात, मग काय करायचं ते ती ठरवील, असा तिचा आग्रह होता. १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने हीच दोन टप्प्यांची पद्धत मान्य केली, आणि त्या परिषदेच्या मंडळावर कुशनर स्वतः होती. म्हणून बायोप्सी मागणं म्हणजे दवाखान्यापुढे मान तुकवणं असं मला वाटत नाही. आपल्या शरीरात काय आहे ते कळण्याचा तो हक्क आहे. आणि आपल्याकडे तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कॅन्सरचा उपचार करून घ्यायचा तरी आधी निदानाचा कागद लागतो. बायोप्सी अडली की योजनाही अडली.

"सुई लावली की पसरतं" हेही गावोगाव ऐकू येतं, शिकलेल्या घरांतही. सुईमुळे स्तनाचा कॅन्सर पसरून बायका लवकर जातात असं आढळलेलं नाही. गोष्ट अशी होते, की उशिरा आलेल्या बाईला सुई लागते, ती सहा महिन्यांत जाते आणि दोष सुईला लागतो.

बायोप्सी झाल्यानंतर बाईला काय सांगतात? बहुतेक वेळा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी छाती काळी-निळी दिसली की नवरा म्हणतो, बघ, बिघडवलं, आणि रिपोर्ट आणायलाही कुणी जात नाही. म्हणून गटातल्या प्रत्येकीला हे माहीत असू द्या. सुई काढल्यावर निदान दहा मिनिटं घट्ट दाबून धरायला लावायचं. त्या दिवशी आणि रात्री घट्ट ब्रा घालायची, ती नसेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून वरून बांधायचं. कापडात गुंडाळून बर्फ लावायचा. एक-दोन दिवस हंडा, गवताचा भारा, सरकीचं पोतं उचलायचं नाही. (हे बाईला सांगून उपयोग नसतो, घरच्यांना समोर बसवून सांगायचं.) दुखलं तर पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्याने दिलेल्या पुडीतल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, त्यांनी रक्त थांबायला वेळ लागू शकतो. बीपीची गोळी चुकवायची नाही. पट्टी भिजली तर पंधरा मिनिटं न उचलता दाबायचं. तरीही रक्त थांबलं नाही, किंवा सूज भराभर वाढून कडक होऊ लागली, किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच डॉक्टरांना दाखवायची, आपल्या मनाने बंद करायची नाही. स्टेंट असलेलीने ती परस्पर बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं.

मागायचं काय? जालन्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, पण ते जालन्याहून साठेक किलोमीटर, आणि मंठ्याच्या बाईला त्याच्या दुप्पट. एस.टी.चं तिकीट २०२३ पासून बायांना अर्धं झालं हे खरं, बुडालेला रोज मात्र पूर्णच असतो. म्हणून जाड सुईची बायोप्सी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जालन्यातच झाली पाहिजे. बीपी वाढलेलं निघालं तर बाईला बसवून, लघवीला जाऊ देऊन पुन्हा मोजलं पाहिजे. तरीही १८०-११० च्या वर असेल तर त्याच दिवशी गोळी सुरू करून, पुरेशा दिवसांच्या गोळ्या हातात देऊन, एका आठवड्याच्या आतली तारीख दिली पाहिजे, आणि त्या तारखेला ती आली नाही तर आशाताईमार्फत तिला शोधलं पाहिजे. पुढे ढकलण्याचं कारण, बीपीचे सगळे आकडे आणि डॉक्टरांची सही केसपेपरवर हवी. खाजगी दवाखान्यांसाठी राज्याने २०२१ साली नियम सुधारून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे. ती लावली आहे का ते जाऊन पाहा, नसेल तर तिथेच विचारा.

आमच्या गटाने जानेवारीपासून एक साधी वही सुरू केली आहे. गाठ कधी लागली, दवाखान्यात पहिल्यांदा कधी गेली, किती वेळा परत पाठवली, दर वेळी बीपी किती, बायोप्सी कधी झाली, रिपोर्ट हातात कधी आला. प्रत्येक बाईमागे एक पान, वर नाव नाही, नुसता आकडा. भोकरदन आणि अंबडच्या मैत्रिणींनीही अशी वही घातली तर जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटायला जाताना आपल्या हातात निवेदनाबरोबर तीन वह्या असतील.